पडदाभर चित्र कां अडखळतें ?



आपल्या शाळेच्या संगणककक्षांतील यंत्रांवर लिनक्स ही मुक्त प्रणाली चालते. तिच्यावर टंकलेखन होतें, गणितें सुटतात, आज्ञावली लिहितां येतात. ह्याबद्दल आजवर कोणाची तक्रार आलेली नाहीं. परंतु महाजालावरील एखादा पाठ लहान चौकटींत पाहतां पाहतां विद्यार्थी तो पडदाभर मोठा करूं गेला, कीं चित्र अडखळूं लागतें, शिकविणाराचा हात धक्क्याधक्क्यानें हलतो, आणि त्याचा आवाज मात्र चित्राची वाट न पाहतां पुढें निघून जातो. हें पाहून कित्येक पालक म्हणतात, “फुकटचें तें असेंच असावयाचें.” उलट लिनक्सचे कांहीं अभिमानी म्हणतात, “एवढ्याशा गोष्टीचा केवढा हा बाऊ ! पाठ लहान चौकटींत पाहावा म्हणजे झालें.” मला हीं दोन्हीं मतें चुकीचीं वाटतात. तीं कां, हें सांगण्यापूर्वीं माझ्या स्वतःच्याच एका चुकीची कबुली देणें मला भाग आहे.

इ. स. २०२० च्या मार्च महिन्यांत महासाथीमुळें शाळा बंद झाल्या, आणि आम्हां शिक्षकांस फळा सोडून मोबाईलसमोर उभें राहावें लागलें. मीं नववीच्या भूमितीचे पाठ घरींच चित्रित केले व ते महाजालावर ठेविले. पुढील वर्षीं वर्गांतील एका विद्यार्थ्याच्या घरून निरोप आला, कीं पाठ नीट दिसत नाहींत. त्याचे वडील गवंडीकाम करतात. एका कचेरीनें मोडींत काढलेला, २०१२ च्या सुमाराचा संगणक त्यांनीं स्वस्तांत घेतला होता, आणि मुलानें त्यावर लिनक्स बसविलें होतें. पाठ लहान चौकटींत लाविला तर तो चालत असे. परंतु त्या चौकटींत त्रिकोणाच्या शिरोबिंदूंचीं अक्षरें वाचतां येत नसत. पडदाभर केला तर अक्षरें स्वच्छ दिसत, परंतु माझ्या हातांतील कर्कटक अर्ध्या वाटेवर थिजून राही, आणि तेवढ्यांत “आतां हा छेदनबिंदु पाहा” हें माझें वाक्य ऐकूं येई. छेदनबिंदु मात्र पडद्यावर अजून जन्मासच आलेला नसे !

एके दिवशीं वडील स्वतः मला भेटावयास आले. “सर, नवाच घ्यावा लागंल का ?” त्यांनीं विचारिलें. मीं फारसा विचार न करितां सांगितलें, “होय, तुमचें यंत्र आतां जुनें झालें, नवें घेतल्यावांचून इलाज दिसत नाहीं.” ते क्षणभर उभे राहिले आणि म्हणाले, “बघतो सर. मुकादमाकडून उचल घेतो.” मुकादमाची उचल म्हणजे काय, हें ज्यांस ठाऊक आहे त्यांस अधिक सांगावयास नको. पुढील कित्येक आठवड्यांची मजुरी आजच खर्ची पडते.

सुदैवानें उचल घेतली जाण्यापूर्वींच मुलाचा फोन आला. त्यानें माझ्याकडून मूळ पाठाची फाईल पेन ड्राईव्हवर नेली होती. ती त्यानें त्याच संगणकावर, ब्राउझरमध्यें न लावतां, चित्रफिती दाखविणाऱ्या साध्या प्लेअरवर लावून पाहिली. आणि ती पडदाभर, कोठेंही न अडखळतां, शेवटपर्यंत चालली. “सर, यंत्र तर तेंच आहे. मग ?” असें त्यानें मला विचारिलें. ह्या ‘मग’ला माझ्याजवळ उत्तर नव्हतें. यंत्राचें जुनेपण हेंच कारण असतें तर पाठ दोन्हींकडे सारखाच अडखळला असता. रोगाचें निदान न करितांच मीं औषध सांगून मोकळा झालों होतों, आणि त्या औषधाचा खर्च दुसऱ्याच्या मजुरींतून व्हावयाचा होता. त्या दिवसापासून मीं ह्या विषयाचा थोडा अभ्यास केला. तो आपणांपुढें ठेवितों.

मुलांनो, प्रथम थोडा हिशेब करूं. पडद्यावरील चित्र बारीक ठिपक्यांचें बनलेलें असतें ; त्यांस पिक्सेल म्हणतात. लहान चौकट ६४० रुंद व ३६० उंच धरिली तर तींत २,३०,४०० ठिपके होतात. पूर्ण पडदा १९२० रुंद व १०८० उंच असेल तर २०,७३,६०० होतात, म्हणजे बरोबर नऊपट. चित्रफीत सेकंदास ३० चित्रें दाखवीत असेल तर दर सेकंदास ६,२२,०८,००० ठिपके रंगवावे लागतात, आणि प्रत्येक चित्र सेकंदाच्या तिसाव्या भागांत तयार व्हावें लागतें. शिवाय चौकट मोठी होतांच पुष्कळ संकेतस्थळें अधिक तपशिलाचें चित्र आपोआप पाठवूं लागतात. म्हणून पडदाभर करण्याची ती एक कळ दाबणें आपणांस सोपें वाटलें, तरी यंत्राच्या दृष्टीनें तें काम एकदम कितीतरी वाढविणें होय.

हीं चित्रें तारेवरून जशींच्या तशीं येत नाहींत. तीं घडी घालून, दाबून बसवून पाठविलेलीं असतात. मागच्या चित्रापेक्षां काय बदललें तेवढेंच बहुधा पाठविलें जातें. संगणकास ती घडी उलगडावी लागते, रंग पडद्यास समजतील असे करावे लागतात, आणि चित्र पडद्याच्या मापाचें करावें लागतें. हें काम करणारे यंत्रांत दोघे असतात. एक मुख्य प्रोसेसर, जो कोणतेंही काम करूं शकतो, परंतु ह्या कामांत लवकर थकतो. दुसरी ग्राफिक्स चिप, जिच्यांत घडी उलगडण्यासाठींच घडविलेला एक स्वतंत्र भाग असतो. पंगतीच्या दिवशीं आचाऱ्यानेंच स्वयंपाक करावा आणि त्यानेंच वाढावें, आणि वाढपी मात्र ओसरीवर रिकामे बसून राहावेत, तसा हा प्रकार आहे. पान दहा माणसांचें असेल तर आचारी कसेंबसें निभावून नेईल. नव्वद माणसें बसलीं कीं वाढणें रखडलेंच म्हणून समजावें. ब्राउझरमध्यें पाठ लाविला असतां त्या मुलाच्या यंत्रांत सर्व भार प्रोसेसरावर पडत होता. साध्या प्लेअरनें मात्र चिपला हांक मारिली, आणि काम सुरळीत झालें. आवाजाचा भार मुळांतच फार थोडा. तो वेळेवर चाले, आणि त्याला गांठण्यासाठीं प्लेअर मधलीं चित्रें टाकून देई. म्हणून माझा हात थिजे, पण जीभ थिजत नसे.

आतां प्रश्न असा, कीं वाढपी घरांत असतांना त्यांस कोणी बोलाविलें कां नाहीं ? ह्याचें उत्तर लिनक्सच्या इतिहासांत आहे. हेलसिंकी येथील विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स ह्यानें १९९१ मध्यें ह्या प्रणालीचा गाभा लिहून सर्वांस खुला केला. तेव्हांपासून जगभरचे लोक तो सुधारीत आले आहेत. परंतु चिपकडून काम करून घ्यावयाचें तर तिची अंतर्गत रचना ठाऊक पाहिजे, आणि ती चिप बनविणाऱ्या कंपन्यांपैकीं कांहींनीं दीर्घकाळ गुप्त ठेविली. ह्याच कारणावरून टोरवाल्ड्स ह्यानें २०१२ मध्यें फिनलंडमधील एका सभेंत एनव्हिडिया कंपनीची जी कडक संभावना केली, तिचे शब्द शाळेच्या अंकांत छापण्याजोगे नाहींत. त्या कंपनीनें आपल्या ड्रायव्हरच्या गाभ्यांतील भाग खुला करण्यास २०२२ उजाडलें. मध्यंतरीं चिपला हांक मारण्याच्याही दोन निरनिराळ्या रीती निघाल्या होत्या ; एक इंटेलची, दुसरी एनव्हिडियाची. इतक्या प्रकारच्या चिपा, इतके ड्रायव्हर, आणि त्यांपैकीं एखादा मध्येंच कोलमडला तर सगळा ब्राउझर बंद पडावयाचा ! म्हणून ब्राउझर बनविणारांनीं लिनक्सवर ती सोय पुष्कळ वर्षें बंद ठेवणेंच सुरक्षित मानिलें.

त्याआधींची स्थिति तर ह्याहून वाईट होती. महाजालावरील चित्रफिती त्या काळीं फ्लॅश नांवाच्या आज्ञावलींतून दिसत. ती एकाच कंपनीच्या हातीं बंदिस्त होती. तिच्यांत दोष आढळला तरी बाहेरच्या कोणास ती उघडून दुरुस्त करितां येत नसे. २०१२ मध्यें ॲडोबी कंपनीनें लिनक्सवरील स्वतंत्र फ्लॅश ११.२ ह्या आवृत्तीवर थांबविण्याचें जाहीर केलें. २०१५ च्या जानेवारींत यूट्यूबनें फ्लॅशऐवजीं एचटीएमएल-५ ही खुली पद्धति मुख्य केली, आणि ३१ डिसेंबर २०२० रोजीं फ्लॅशचा कारभार आटोपला. पडदा दूर झाला, तरी घडी उलगडण्याचा भार प्रोसेसरावरच राहिला. फायरफॉक्स ब्राउझरमध्यें चिपची मदत घेण्याची सोय २०२० मध्यें आली, पण ती ज्याची त्यानें शोधून चालू करावयाची होती. इंटेलच्या चिपांसाठीं ती आपोआप चालू झाली ती २०२३ च्या जुलैंत, ११५ व्या आवृत्तींत.

तिसरें कारण पेटंटांचें. एच-२६४ ही घडी घालण्याची पद्धति सर्वत्र रूढ आहे, परंतु ती पेटंटांनीं जखडलेली आहे. २०२२ मध्यें फेडोरा ह्या लिनक्सच्या नामांकित वाणानें ह्याच कारणास्तव आपल्या ड्रायव्हरांतून त्या पद्धतीची चिपकडील उकल काढून टाकिली. म्हणजे चिप समर्थ, आज्ञावली लिहिलेली, तरी कायद्याच्या भयानें ती वापरणाराच्या हातीं द्यावयाची नाहीं, असा प्रसंग आला. गूगलची व्हीपी-९ आणि २०१८ मध्यें प्रसिद्ध झालेली एव्ही-१ ह्या पद्धति मानधनाशिवाय वापरण्यास मोकळ्या आहेत, ही आनंदाची गोष्ट खरी. परंतु त्या निघण्यापूर्वीं घडविलेल्या चिपांस त्या उलगडतां येत नाहींत. तेथें भार पुनः प्रोसेसरावरच येतो, मग प्रणाली कोणतीही असो. आमच्या विद्यार्थ्याच्या घरीं नेमकें हेंच घडत होतें. संकेतस्थळ त्याला व्हीपी-९ पाठवीत होतें, आणि त्याच्या चिपला फक्त जुनी पद्धति येत होती. त्यानें चिपचा राहिलेला ड्रायव्हर बसविला, ब्राउझरमधील बंद सोय चालू केली, आणि संकेतस्थळ जुन्या पद्धतीनें चित्र पाठवील अशी एक लहानशी जोडणी ब्राउझरला लाविली. ह्यासाठीं एक पैसाही लागला नाहीं. दोन संध्याकाळ मात्र लागल्या.

आतां ‘फुकटचें तें असेंच’ म्हणणाऱ्या पालकांस मी विनयपूर्वक एक गोष्ट दाखवितों. आपल्या खिशांतील अँड्रॉइड मोबाईल घ्या. त्याच्या गाभ्याशीं लिनक्सच आहे, आणि त्यावर आपण पडदाभर चित्रपट बिनधोक पाहतां. जगांतील सर्वांत वेगवान ५०० महासंगणकांच्या यादींतील प्रत्येक यंत्र २०१७ च्या नोव्हेंबरपासून लिनक्सवर चालत आलें आहे. तेव्हां सामर्थ्याचा प्रश्न नाहीं. मोबाईल बनविणारा चिप व प्रणाली ह्यांची गांठ कारखान्यांतच घालून देतो. आपण जुन्या संगणकावर लिनक्स बसवितों तेव्हां ती गांठ घालणारा कोणी नसतो, ती आपणांसच घालावी लागते. उणीव आहे ती तेथें. शिवाय दाम मोजून घेतलेल्या वस्तूलाही आयुष्याची मर्यादा असते. विंडोज १० ची नेहमीची मोफत सुरक्षा-दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपली, आणि विंडोज ११ च्या अटींत पुष्कळ जुनीं पण धडधाकट यंत्रें बसत नाहींत. अशीं यंत्रें भंगारांत न घालतां मुलांच्या हातीं ठेवावयाचीं असतील, तर लिनक्स हाच आपणांस परवडणारा मार्ग आहे. म्हणून तो शाळेनें सोडूं नये, असें माझें स्पष्ट मत आहे.

परंतु लिनक्सच्या अभिमान्यांसही मला तितक्याच स्पष्टपणें बोलावयाचें आहे. २००९ मध्यें एक्सकेसीडी ह्या व्यंगचित्रमालेनें त्यांच्या एका दोषावर बोट ठेविलें होतें. हजारों प्रोसेसरांच्या महायंत्रावर लिनक्स चालावें म्हणून खपणारा मनुष्य तींत दाखविला आहे, आणि पडदाभर चित्राची साधी गरज त्याच्या लेखीं कोणाचीच नसते. विनोद हंसण्यासारखा आहे, पण त्यांतील वृत्ति हंसण्यावारी नेण्यासारखी नाहीं. महायंत्राच्या मालकाजवळ तज्ज्ञ असतात ; गवंड्याच्या मुलाजवळ त्याचा एकच पडदा असतो. त्या पडद्यावर शिरोबिंदूंचीं अक्षरें वाचतां आलीं नाहींत तर त्याचा सिद्धान्त बुडतो, आणि सिद्धान्ताबरोबर कदाचित् वर्षही बुडतें. ‘लहान चौकटींत पाहा’ हें उत्तर मागच्या बांकावरील मुलाला ‘फळा दिसत नसेल तर ऐकून घे’ असें सांगण्यासारखें आहे. असें उत्तर देणाऱ्या शिक्षकास आपण चांगला शिक्षक म्हणणार नाहीं. जी वस्तु सर्वांसाठीं म्हणून घडविली, तिची पारख सर्वांत दुबळ्या वापरणाराच्या घरींच झाली पाहिजे.

मग करावयाचें काय ? विद्यार्थ्यांनो, चित्र अडखळलें म्हणून यंत्रास किंवा प्रणालीस नांवें ठेवण्यापूर्वीं तीन गोष्टी पाहा. तोच पाठ साध्या प्लेअरवर कसा चालतो तें पाहा, अर्थात् ज्यांची प्रत उतरवून घेण्याची परवानगी आहे असेच पाठ घेऊन. ब्राउझर चिपची मदत घेत आहे कीं नाहीं तें त्याच्या माहितीच्या पानावर पाहा. आणि पाठ चालूं असतां प्रोसेसरावर किती भार पडतो तें पाहा. इतकें करूनही जमलें नाहीं तर चित्राचा तपशील १०८० वरून ७२० किंवा ४८० वर उतरवा. भूमितीच्या आकृतीला तेवढा पुष्कळदां पुरतो. आणि जो दोष तुम्हांस सांपडेल तो, यंत्राच्या व चिपेच्या नांवासह, प्रणाली लिहिणारांस नीट लिहून कळवा. मुक्त वस्तूचें मोल आपण पैशानें देत नाहीं. तें अशा प्रामाणिक कळवण्यानें द्यावयाचें असतें. ‘चालत नाहीं’ एवढें म्हणणें ही तक्रार झाली. काय केलें असतां काय झालें हें सांगणें, ही मदत झाली.

पालकहो, आपणांस एवढेंच सांगणें आहे, कीं कोणी ‘नवें घ्या’ म्हणाला, मग तो शिक्षक कां असेना, तर ‘कशावरून ?’ असें त्याला अवश्य विचारा. ह्यांत शिक्षकाचा अपमान नाहीं. त्या गृहस्थांनीं मला असें विचारिलें असतें तर मी निरुत्तर झालों असतों, आणि वेळींच शुद्धीवर आलों असतों. पुढें मीं त्यांच्या घरीं जाऊन माझी चूक सांगितली. ते म्हणाले, “असूं द्या सर, पोराला समजलं ना ?” त्यांनीं मला क्षमा केली, मीं स्वतःला इतक्या लवकर ती करावी असें मला वाटत नाहीं.

राहतां राहिली शाळा. आपल्या कक्षांतील दोष लपविण्याचें कारण नाहीं. तो आहे, आणि तो बहुतांशीं दूर करण्याजोगा आहे. कोणत्या यंत्रांत कोणती चिप आहे आणि ती कोणती पद्धति उलगडूं शकते, ह्याची यादी नववी व दहावीच्या विद्यार्थ्यांकडून करून घ्यावी. ह्यापरतें उत्तम प्रात्यक्षिक मला दिसत नाहीं. आणि पुढें यंत्रें घ्यावयाचा प्रसंग येईल तेव्हां तीं सुरू होतात व त्यांवर टंकलेखन होतें, एवढें पाहून पावतीवर सही करूं नये. विक्रेत्यानें प्रत्येक यंत्रावर लिनक्स बसवून भूमितीचा एक पाठ पडदाभर, पहिल्यापासून शेवटपर्यंत लावून दाखवावा. मागच्या बांकावर बसलेल्या विद्यार्थ्यास छेदनबिंदु वेळेवर दिसला, तरच तें यंत्र पसंत करावें.